पिल्लू नेण्याआधी

बसा. बूट राहू द्या पायात, फरशी ओलीच आहे.
पिल्लू तुम्ही निवडायचं नाही.
तुमच्या बुटाची नाडी कोण सोडतं, ते बघू आधी.

वाईट ते आधी सांगते.
हा भुंकतो.
वाऱ्यावर भुंकतो, टपालाच्या गाडीवर,
किटलीने शीळ घातली की तिच्यावरसुद्धा.
चावत मात्र नाही. चोर आलाच
तर ओरडून साऱ्या खोऱ्याला कळवेल
आणि मग शेपटी हलवत त्यालाच आत घेऊन येईल.
शेपटी अशी पाठीवर वळलेली, कपाच्या कानासारखी.
मागच्या पायांना जास्तीचे अंगठे, दोन-दोन.
गुरांची डॉक्टरीण म्हणाली, काढून टाकू, उपयोग काय त्यांचा?
मी म्हटलं, बाई, तुमच्या कानाच्या पाळीचा काय असतो?

जहाजांतून आले हे इथे,
मेंढ्या, माणसं, घोडे सगळे एकाच ओल्या फळीवर.
आधी कोण उतरलं, कुणी लिहून ठेवलं नाही.
मला विचाराल तर कुत्रा.
काळ्या दगडावर उडी मारून मागे वळला असेल,
काय हे, किती वेळ, अशा तोंडाने.

माझ्या पणजोबाच्या लहानपणी कुत्र्यांत साथ आली.
एका हिवाळ्यात अख्खं खोरं मुकं झालं.
सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या,
तेव्हा पोरांनाच पुढे धाडलं, भुंकायला.
केतिल नऊ वर्षांचा.
घसा बसला तो बसलाच.
म्हातारपणी चर्चमध्ये गाऊ लागला
की पुढच्या बाकावरची बाई दचकून मागे बघायची.
त्याच्या बापाने शेवटी दूरच्या फ्योर्डवरून एक कुत्री आणली.
बदल्यात घोडा दिला आणि वर दोन मेंढ्या.
बायको महिनाभर बोलली नाही.
घोडा गेला, खोगीर राहिलं. ते बघा, भिंतीवर.
ही पिल्लं त्याच कुत्रीची, कितव्या पिढीची
ते मोजणं मी सोडून दिलंय.

मग कुंपणं आली, चारचाकी मोटारी आल्या.
राजधानीत तर कुत्रा पाळायलाच बंदी होती कित्येक वर्षं.
आणि आज तुम्ही तिथूनच आलात, पाचव्या मजल्यावरून.
असू दे. काळ असाच गोल बसतो, ह्याच्यासारखा,
स्वतःच्या शेपटीवर नाक टेकून.

कौतुर म्हणतात ह्याला, म्हणजे आनंदी. पिल्लांचा बाप.
तीन वर्षांमागे ऑक्टोबरातच बर्फ कोसळला,
अकरा मेंढ्या आत गाडल्या गेल्या.
आम्ही काठ्या खुपसत फिरलो, गुन्स्टाइन आणि मी.
आणि हा, किटलीवर भुंकणारा,
एका जागी उभा राहिला.
गप्प.
कान खाली, एक पाय उचललेला.
तिथे खणलं. सात जिवंत निघाल्या.
त्यांच्या तोंडाची वाफ वर आली, तेव्हा कुठे भुंकला.

हे आकाशाकडे का बघतात, तेही सांगते.
कोकरं जन्मली की कावळे येत, गरुड येत.
वर नजर ठेवणं ह्यांच्या पूर्वजांचं काम.
आता रोज दुपारी ग्रीनलंडकडे एक विमान जातं.
कौतुर मान वर करून धावतो,
नदीपर्यंत त्याला हाकलून लावतो.
विमान जातं.
आजवर एकही कोकरू विमानाने नेलेलं नाही.
परत येतो, पाणी पितो, आडवा होतो
दिवसभराची मजुरी वसूल झाल्यासारखा.

तुमच्या मजल्यावरून विमानं जास्तच दिसत असतील.
रागावू नका त्याला.
शेजाऱ्यांना काहीही सांगा,
पण त्याला म्हणा, गेलं रे, गेलं, शाब्बास.

पैसे ठेवा खिशात, अजून काही ठरलं नाही.
पाय हलवू नका.
दोन्ही नाड्या?
दोघांनी मिळून?
आता काय करायचं, तुम्हीच सांगा.